उकळलेले अलाइनर

ठमे,

दात सरळ करायचे माझे ते प्लास्टिकचे अलाइनर स्वच्छ व्हावेत म्हणून तू बाळाच्या बाटलीसारखे उकळलेस, आणि ते वाकडे झाले. त्यात रडण्यासारखं काय? आयुष्यभर पेपरात पुढाऱ्यांना चावलो, ते याच वाकड्या दातांनी.

नवे करून घ्यायला अलिबागला डॉक्टरकडे चाललोय. तोवर मागचा सेट घातलाय. डॉक्टरने विचारलं तर सांगेन, मीच उन्हात विसरलो.

तू सकाळपासून जेवली नाहीस. म्हणून ही चिठ्ठी बोंबलाच्या कालवणाच्या टोपावर ठेवतोय. वाचून झाली की झाकण उघड. मी येईपर्यंत टोप अर्धा झाला नाही, तर डॉक्टरला फोन करून खरं सांगेन.

तुझा अजून वाकडाच,
दयाराम