सुरयाच्या अंड्यांची राखण

२ एप्रिल
संयुक्ताच्या मैत्रिणीने फोनवर विचारलं, तुझी आज्जी काय करते? नात म्हणाली, काही नाही, सीरियल बघते. मी आत डाळ निवडत होते. झोंबलं. आजपासून सीरियल बंद. रात्रीची एक सोडून.

४ एप्रिल
वॉलंटिअर झाले. संयुक्ता पक्ष्यांची बायॉलॉजिस्ट. इथे तमिळ मुलखात, एन्नोरच्या खाडीत वाळूचा दांडा आहे, तिथे सुरय नावाच्या पक्ष्यांनी अंडी घातलीत. जगात थोडेच उरलेत म्हणे. पाच घरटी, बारा अंडी. घरटं कसलं, वाळूत नुसता खळगा. असा संसार मी मांडला असता तर सासूबाईंनी माहेरी धाडलं असतं. यंदा पिल्लं उडाली तरच दांड्याला कुंपण मिळणार. नाही तर तिथे बोटी लागणार आणि पोरीची तीन वर्षं पाण्यात. मी म्हटलं, आता मी आहे ना.
काम सोपं. लांब छत्रीखाली बसायचं, फॉर्म भरायचा. अंडी किती, धोका काय. शाळा तिसरीपर्यंत, पण बारापर्यंत मोजता येतं.

६ एप्रिल
सेल्वी कोळणीने बोटीतून नेलं. मला पाटी म्हणते, आजीला इकडे तसंच म्हणतात. बोटीच्या टोकाला तिचं कुत्रं, मणी. दुसरे वॉलंटिअर मधुसूदन, बँकेतून रिटायर. गळ्यात दुर्बीण. पक्षी दिसला की इंग्रजीत कुजबुजतात.
संयुक्ताने नियम सांगितले. दांड्यावर खायचं काही टाकायचं नाही. मी टाकत नाही. कावळ्याला घास ठेवणं म्हणजे टाकणं नव्हे. सांगलीहून लग्न होऊन इथे आले तेव्हा सासूबाईंनी लावलेली रीत. आधी कावळा, मग आपण. पन्नास वर्षांत मोडली नाही. केळीच्या पानावर दोन घास ठेवले. एकही कावळा नाही! हाका मारमारून घसा बसला. शेवटी एक आला, लंगडा. मग जेवले.

९ एप्रिल
सहा आले. माझी हाक लागते. मधुसूदन म्हणाले, मामी, इथे कावळे नव्हते हो. म्हटलं, मी तरी कुठे होते?
अंडी बारा. धोका: नाही.

१४ एप्रिल
तमिळ नवं वर्ष. वडे जास्तीचे नेले, सणाला कोणी उपाशी जाऊ नये. वीसेक कावळे होते. मधुसूदनांना वडा दिला. खाल्ला, पण तोंड पाडूनच.

१६ एप्रिल
अंडी नऊ. परत मोजली. चष्म्यावर खारी हवा बसते. बारा लिहिलं.
संध्याकाळी संयुक्ता साहेबांना फोनवर सांगत होती, बाराच्या बारा आहेत सर, माझी आज्जी बसते तिथे. डोसा घशाखाली उतरेना. पीठ जास्तच आंबलं असावं.

१८ एप्रिल
अंडी चार. वाळूत पावलं. कुत्र्याची असतील. माझ्या चपलांचीही होती, पण चप्पल अंडी खात नाही.
धोका: सेल्वीचं कुत्रं.
सेल्वी ओरडली, मणी बोटीतून उतरतच नाही. म्हटलं, कुत्र्याच्या जातीचं मला सांगू नकोस. आवाज जरा चढलाच माझा.

२० एप्रिल
सेल्वीने मणीला बहिणीकडे गुम्मिडिपूंडीला धाडलं. मला बोटीतून नेलं, पण चढताना हात दिला नाही.
डबा उघडला. लंगडा आला. चोचीला पिवळं लागलेलं. वरणाची हळद.
आज दहीभात नेला होता.

२१ एप्रिल, सकाळी
अंडी नाहीत. सुरय थोडा वेळ घिरट्या घालून गेले. मधुसूदनांनी नुसती टोपी काढली. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
ठरवलं, सांगायचं नाही. पुढच्या वर्षी नीट करीन.

२१ एप्रिल, संध्याकाळी
संयुक्ता रडत नव्हती. कुंपणाचे कागद फाईलमधून काढत होती, एकेक. तोंडातून निघून गेलं, मणीने नाही खाल्ली. मग सगळंच सांगितलं. कावळे, वडे, खोटे बारा. तिने फॉर्म पुढे केला. म्हणाली, धोका तूच लिही. कावळे, असं लिहिलं. ती उभीच. खाली माझं नाव लिहिलं. अंबुजा. अक्षर वाकडं आलं.

२२ एप्रिल
सेल्वीच्या दारात जाऊन सांगितलं. आत या म्हणाली नाही. म्हणाली, पाटी, माझा मणी उद्या बसने परत येईल. तुमच्या पक्ष्यांना कुठली बस?

२३ एप्रिल, दुपारी
घास ठेवला नाही. खिडकीत कावळा ओरडत बसला. म्हटलं, जा, तुझ्या भाऊबंदांनी तुझ्याही वाटणीचं खाल्लंय. तो जेवला नाही, मग मीही नाही. रीत आहे.
सीरियल लावली. बाहेर संयुक्ताचा फोन चालला होता. मैत्रिणीने विचारलं असावं.
संयुक्ता म्हणाली, आज्जी ना? काही नाही, सीरियल बघते.
मी आवाज वाढवला.