शेडमधला लाल डबा

ईली, मिनेसोटा
१८ जानेवारी २००४

तीर्थरूप बाबांना सून शैलजाचा सा. न. वि. वि.

तुम्ही अकोल्याला सुखरूप पोचलात हे कळलं. पण निघताना विमानतळावर म्हणालात, आता पुन्हा येणं नाही, इथे माझा काय उपयोग. ते काही मनातून जात नाही. फोनवर शंतनू शेजारीच असतो, म्हणून पत्र.

इथे बर्फावर पळायची आपली स्नोमोबाइल रुसली आहे. दोरी ओढून ओढून खांदा भरून येतो तेव्हा सुरू होते, धुराचा लोट सोडते आणि बंद पडते. प्लग काढला तर काजळीने काळाकुट्ट. नवा घातला, तोही तसाच. परवा हेलनआजींना व्यायाम द्यायला निघाले आणि गोठलेल्या तळ्याच्या मधोमध अडकले. चालत परत आले. शंतनू म्हणतो, विकून टाकू. मग तळ्यापलीकडचे पेशंट मला सोडावे लागतील. तुम्ही शेडमध्ये तिच्याजवळ बसायचात. काही वेगळं जाणवलं होतं का?

लोभ तुम्ही लावूनच गेला आहात, तो तसाच असू द्या.
तुमची शैलजा


अकोला
३ फेब्रुवारी २००४

चि. सौ. शैलजास अनेक आशीर्वाद.

वि. वि. पत्र वाचताच दुखणं कळलं. मशीनला हात लावू नका, असं शंतनूने मला बजावलं होतं. तरी तो ऑफिसला गेला की मी टाकीत ऑइल घालून ठेवायचो. टू-स्ट्रोक इंजिन, त्याला पेट्रोलमध्ये ऑइल नको? माझी स्कूटर जन्मभर त्यावरच चालली. निघताना शेडमधला पेट्रोलचा लाल डबाही ऑइल मिसळून भरून ठेवला, तुम्हाला हिवाळाभर काळजी नको म्हणून. तो संपला असणार आणि तुम्ही नुसतंच पेट्रोल घालत असणार. ऑइल वाढव, पळेल.

शंतनूला यातलं काही बोलू नकोस. आधीच त्याला मी अडगळ वाटतो. तिथल्या मुक्कामात तेवढं एकच काम माझ्या हातून झालं, त्याचं समाधान आहे. पुन्हा या असं मात्र म्हणू नकोस.

थंडीत स्वतःला जप. आमची आठवण असू दे.
बाबा


ईली, मिनेसोटा
२० फेब्रुवारी २००४

ती. बाबांना सा. न. वि. वि.

मशीन पहिल्या झटक्यात सुरू झाली, तीही तुमच्या पत्रामुळे. आता रागावू नका. तिला ऑइलची वेगळी छोटी टाकी आहे, तिथून ती आपलं आपण घेते. त्यावर तुम्ही प्रेमाने आणखी वाढलंत आणि तिला अजीर्ण झालं. लाल डबा अजून अर्धा होता. तो बाजूला काढला, पेट्रोलची टाकी रिकामी करून ताजं भरलं, प्लग बदलला. शंतनूला पेट्रोल शिळं होतं एवढंच सांगितलं. त्याने विकायचं कॅन्सल केलं.

तो बोलतो तिखट, पण शेडमधली तुमची खुर्ची मी उचलायला गेले तर राहू दे म्हणाला.

तुम्ही विमानतळावर उपयोगाचं म्हणालात. त्या दिवशी तळ्यावर मी फार घाबरले होते. चहूकडे पांढरं, माणूस दिसेना. मशीन दुरुस्त करणारं कुणी हवं, असं तेव्हा मनातही आलं नाही. मागच्या सीटवर बाबा असते तर बरं झालं असतं, एवढंच वाटलं.

नोव्हेंबरचं तिकीट बघते आहे. ऑइलला हात लावायचा नाही, माझ्या मागे बसायचं. कानटोपी आणा.

लोभाचं वेगळं लिहीत नाही, होकाराची वाट बघते.
तुमची शैलजा