आईची जड बॅग

दादा,

तू आणि आई उठायच्या आत टेकडीवर एक चक्कर मारून येते. इथे खोलीत बसवत नाहीये.

आत्ता आईच्या गोळ्या शोधायला तिची बॅग उघडली. काल पायऱ्या चढताना तू कुरकुरत होतास ना, दोन दिवसांसाठी काय दगड भरलेत म्हणून? तीन महिन्यांच्या गोळ्या आहेत. झाडून सगळे गरम कपडे आहेत, बाबांचा फोटो आहे. आणि आपल्याला होस्टेलला पाठवताना करायची तसंच, प्रत्येक कपड्यावर आतून लाल दोऱ्याने नाव भरलंय. धुवायला गेल्यावर दुसऱ्यांच्या कपड्यांत मिसळू नयेत म्हणून.

आपण तिला नुसतं 'थंड हवेला जाऊ' म्हणालो होतो. वृद्धाश्रमाचं नावही काढलं नव्हतं.

तेव्हा चहाच्या वेळी तुझं ते पाठ केलेलं भाषण सुरू करू नकोस. मी येईपर्यंत तिकडे फोनही नको. तुझ्यावर खापर फोडत नाहीये, फॉर्मवर माझीही सही आहे.

बॅग होती तशी भरून ठेवायला गेले, तर चेन लागेना. गुडघा टेकवून बघितला, तरी नाही. तिने एकटीने कशी लावली असेल रे?

– छोटी