पिवळं मीठ

२ जानेवारी
नव्या वर्षाचे संकल्प. एक, रिव्ह्यू त्याच दिवशी लिहून टाकायचा. दोन, प्रेस शोला फुकटची कॉफी प्यायची नाही. तीन, आणि हा महत्त्वाचा : ओळखीपाळखीला भीक घालायची नाही. समीक्षकाला नातेवाईक नसतात.
हिला वाचून दाखवले. ही म्हणाली, मग रोज तुमचा डबा कोण भरतं? विषय बदलला.

९ जानेवारी
वर्षातला पहिला सिनेमा. गुप्तहेराचा. नायक कोण, खलनायक कोण, इंटरव्हलपर्यंत पत्ता नाही, कारण दोघंही अंधारात. हल्लीच्या कॅमेरामन लोकांना लाइट लावायचा कंटाळा येतो की काय? दोन स्टार. बाहेर पडताना दुसऱ्या पेपरचा समीक्षक म्हणाला, काय चकचकीत शूट केलंय हो. मागच्या आठवड्यात निर्मात्याने त्याला पार्टी दिली होती. माणसं विकली जातात ती अशी.
(कॉफी घेतली. थंडी होती.)

२४ जानेवारी
हॉलला रंग दिला. पांढरा सांगितला होता, रंगाऱ्याने सरळ क्रीम फासला. झापलं. तो म्हणाला, साहेब, पांढराच आहे. डबा आणून दाखवला. डब्यावर काय, वाट्टेल ते छापतात. मी म्हटलं, तीस वर्षं पडद्यावरचे रंग बघतोय, मला शिकवू नकोस. पुन्हा एक हात मारून घेतला. तरी क्रीमच. ही नुसती माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

६ फेब्रुवारी
आज खरा सिनेमा पाहिला! नवा दिग्दर्शक, पहिलाच प्रयत्न. रात्रपाळीत टॅक्सी चालवणाऱ्या बाईची गोष्ट. रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती मोठं वलय. समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे नुसते पसरलेले. एका शॉटमध्ये तर आकाशात दोन चंद्र! बाईच्या दुभंगलेल्या मनाचं एवढं साधं प्रतीक, आणि थिएटरात कुणाला त्याचं सोयरसुतक नाही. साडेचार स्टार. मथळा : धूसरतेचा कवी.

९ फेब्रुवारी
कवी भेटायला आला. पंचविशीचा पोरगा, दाढी छातीपर्यंत. फार भारावलेला. आधी आभार मानले, मग चाचरत विचारलं की सर, ते दोन चंद्र नेमके कुठल्या सीनमध्ये? मी सांगितलं, आपण काय निर्माण केलंय हे कलावंताला बऱ्याचदा ठाऊक नसतं. दाढी कुरवाळत म्हणाला, खरंय सर. हा दाढी मोठा होईल.
जाताना म्हणाला, पुढच्या सिनेमाचा कॅमेरा तुमच्या मेहुण्यांना दिलाय. हिला केवढा आनंद. धाकटा भाऊ तिचा. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लायटी उचलल्या, आता कुठे स्वतःचं नाव लागतंय. कॅमेरामन म्हणून त्याचा पहिला सिनेमा एप्रिलमध्ये येतोय.

५ मार्च
भुताचा सिनेमा. भूत शेवटपर्यंत दाखवलेलंच नाही. काय हा संयम! लोक मात्र उगाच किंचाळत होते. साडेतीन.
थिएटरच्या पायऱ्यांवर पुन्हा ठेच लागली. मॅनेजरला खरमरीत पत्र लिहायला हवं. यापुढे पहिल्या रांगेत बसायचं ठरवलं, त्याने सिनेमाशी जवळीक वाढते. ही म्हणाली, डोळे दाखवून घ्या. चष्मा आत्ता दोन वर्षांपूर्वीच केलाय. हिला कशाचाही संबंध कशाशीही जोडायची सवय आहे.

२१ मार्च
फिल्म सोसायटीत माझं व्याख्यान. विषय : नव्या सिनेमातलं धुकं. क्लिप लावून म्हटलं, बघा, धुक्याचा हा पडदा नायिकेला जगापासून कसा तोडतो. सभागृह स्तब्ध. शेवटी एका बाईंनी विचारलं, कुठलं धुकं?
प्रेक्षक अजून तयार झालेला नाही.

१० एप्रिल
मेहुण्याचा सिनेमा. मिठागरात राबणाऱ्या कुटुंबाची गोष्ट. ही ठेवणीतले कपडे घालून आली होती. मेहुणा दाराशीच उभा. माझा हात धरून म्हणाला, भावजी, त्या मिठावर पहाटेचा उजेड नीट पडावा म्हणून दोन हिवाळे वाट बघितली. तुम्ही बघा, मग बोलू.
बघितला. घोर निराशा. मीठ पिवळं! ढीगच्या ढीग पिवळं मीठ, हळद कालवल्यासारखं, आणि त्यावर सतत मळभ. हिने मध्येच माझा हात दाबला, म्हणाली, किती सुंदर आहे हो. भावाची माया, दुसरं काय.
बाहेर तो वाट बघत होता. मी म्हटलं, वाचशीलच. आणि चपळाईने टॅक्सीत बसलो. टॅक्सी दुसऱ्याच कुणाची तरी होती. उतरलो.

११ एप्रिल
सकाळपासून टेबलाशी. सोडून द्यावा का हा सिनेमा? दुसऱ्या कुणाला लिहू द्यावं? त्याचा तो दाराशी उभा असलेला चेहरा काही केल्या जात नाही. पण मग संकल्प तिसरा? आज डगमगलो तर उद्या आरशात काय बघू?
लिहिलं : पांढरा रंग कसा असतो हे या कॅमेरामनला कुणीतरी एकदा दाखवायला हवं. दीड स्टार. त्यातला अर्धा नात्याचा नव्हे, कष्टांचा. मन स्वच्छ आहे.

१२ एप्रिल
छापून आलं. हिने पेपर वाचला, घडी घातली, स्वयंपाकघरात गेली. जेवताना एवढंच म्हणाली की लहानपणी मी त्याला आंघोळ घालायचे. याचा समीक्षेशी काय संबंध?

२९ एप्रिल
दाढीचा फोन. सर, तुमचं वाचून खडबडून जागा झालो, कॅमेरामन बदलला. मी म्हटलं, अरे, एवढं काही... तो म्हणाला, तुमच्या शब्दापुढे माझ्यासाठी काही नाही. खरं तर मला अभिमान वाटायला हवा. मग जेवण का गेलं नाही, कळत नाही. पित्त असेल.
हिला सांगितलं नाही.

७ मे
तिला माहीतच होतं. दोन दिवस म्हणून भावाकडे गेली, अजून आलेली नाही. फोन केला तर म्हणते, त्याला सध्या काम नाही, घरी एकटा बसून असतो, मी थांबते. माझं काय, असं विचारणार होतो, विचारलं नाही.
दूध रोज उतू जातं. मेहुणा मात्र मला एका शब्दाने बोललेला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१९ जून
अनर्थ. युद्धाच्या सिनेमावर लिहिलं होतं : 'संपूर्ण युद्धपटात एकही गोळी सुटत नाही, एकही सैनिक दिसत नाही. युद्ध होतं ते स्वयंपाकघरात, सासू आणि सुनेमध्ये. केवढं धाडस!' चार स्टार. आज संपादकांनी केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, तुम्ही शेजारच्या स्क्रीनमध्ये जाऊन बसला होतात. मी म्हटलं, दारावरचे आकडे इतके बारीक लिहिले तर दुसरं काय होणार? ते म्हणाले, आकडे हातभर आहेत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या, तोपर्यंत कॉलम बंद.
यामागे राजकारण आहे.

२ जुलै
डॉक्टर. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. चांगलाच पिकलाय म्हणाले, इतके दिवस चालवलंत कसं? रंग कसे दिसतात? मी सावधपणे सांगितलं, कलात्मक. ते हसले नाहीत. म्हणाले, पांढरं पिवळट दिसत असेल, सगळ्यावर धुकं वाटत असेल, दिव्यांभोवती वलयं, कधी एकाचे दोन. मी जरा वेळाने विचारलं, चंद्राचेसुद्धा? चंद्राचेसुद्धा, म्हणाले.
चालत घरी आलो. वाटभर डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. ती इथे लिहीत नाही.

६ ऑगस्ट
उजव्या डोळ्याचं ऑपरेशन. ही परत आली. घरी न्यायला गाडी घेऊन मेहुणा. वाटेत एक अक्षर बोलला नाही, खड्डा आला की मात्र गाडी हळू करत होता. टीका त्याने खिलाडूपणे घेतलेली दिसते.

७ ऑगस्ट
पट्टी काढली. हॉल पांढराशुभ्र आहे. बघवत नाही इतका.
आणि हिचे केस पांढरे झालेत. कानाशी, कपाळावर, जवळजवळ सगळे. मी विचारलं, हे कधी झालं? ती म्हणाली, झाली की तीन-चार वर्षं. मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम बोलत नाही. रडू आलं. डोळ्याला ताण द्यायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणून आवरलं.

१६ ऑगस्ट
मेहुण्याचा सिनेमा थिएटरांतून कधीच उतरलाय. त्याच्या घरी गेलो. म्हटलं, पुन्हा दाखव. तो म्हणाला, आता कशाला, भावजी. मी बसून राहिलो तेव्हा टीव्हीवर लावला.
पहाट होते, उजेड हळूहळू मिठावर सरकतो. आणि ते मीठ. उजवा डोळा झाकला की पिवळं मळभ. डावा झाकला की ते. सिनेमाभर मी डोळे आलटून पालटून झाकत होतो आणि तो टीव्हीकडे नाही, माझ्याकडे बघत होता. संपल्यावर विचारलं, मीठ कुठल्या रंगाचं दिसलं, भावजी? मी म्हटलं, पांढरं. तो उठून चहा ठेवायला गेला.
सध्या टूथपेस्टच्या जाहिराती शूट करतो. म्हणाला, तिथे बरं असतं, पांढरं पांढरं दिसतंय ना हे बघायला वेगळा माणूस ठेवतात.

१८ ऑगस्ट
नवा रिव्ह्यू लिहिला. इतक्या वर्षांत असं लिहिलं नव्हतं. पाच स्टार. संपादक म्हणाले, उतरलेल्या सिनेमाचा रिव्ह्यू कोण छापतं? आणि कारण काय देऊ, आमच्या समीक्षकाला दिसत नव्हतं? मागचं सगळं उकरून काढतील लोक. मला पटलं. पटलं याची लाज वाटली. कॉलम परत मिळाला.
संकल्प : दाढीला फोन करून खरं काय ते सांगायचं. उद्याच.

३० ऑगस्ट
फोन राहिला. शूटिंगच्या गडबडीत असेल बिचारा.

१४ सप्टेंबर
फोन केला. मी म्हटलं, अरे, मेहुण्याबद्दल माझा जरा गैरसमज... तो म्हणाला, सर, निम्मं शूटिंग झालंय, सगळं तुमच्या मनासारखं, खूश व्हाल. मग मी त्याला शुभेच्छा दिल्या. दिल्या! ही दारात उभी राहून ऐकत होती. तशीच आत गेली.

४ डिसेंबर
दाढीच्या सिनेमाचा प्रेस शो. पडद्यावर धुकं. पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत. घरात धुकं, लिफ्टमध्ये धुकं, कपाट उघडलं तर आत धुकं. नायिका एकदा दिसली, बहुतेक. उजवा डोळा पुसला. डावा झाकून बघितला. धुकंच. चंद्र आधी दोन, शेवटी तीन. बाहेर दाढीने मिठीच मारली. सर, एकेक शॉट तुमच्या शब्दांवरून घेतलाय, सिनेमाही तुम्हालाच अर्पण केलाय, सुरुवातीच्या पाटीवर नाव बघितलंत ना?
पाटी धुक्यात होती.
घरी येऊन दिसलं तसं लिहिलं : या सिनेमात काहीही दिसत नाही. एक स्टार.

५ डिसेंबर
संपादकांचा फोन. म्हणाले, तुमचा दुसरा डोळा बाकी आहे ना? तो होऊ द्या, मग लिहा. हा सिनेमा मी दुसऱ्या कुणाला देतो. मी शपथेवर सांगितलं की अहो, खरंच धुकं आहे. ते म्हणाले, हो, हो.
संध्याकाळी मेहुण्याचा फोन. एप्रिलनंतर पहिल्यांदाच आपणहून. विचारत होता, कसा झालाय दाढीचा सिनेमा? कॅमेरा कसा आहे? मी म्हटलं, काही दिसलं नाही रे. तुझी शपथ, काहीच दिसलं नाही. तो म्हणाला, डोळे दाखवून घ्या, भावजी. आणि फोन ठेवला.