टाका नाही, चिकटवतात

ती. ताईस,

धाकट्याचा एका डोळ्याने साष्टांग नमस्कार. (दुसरा झाकलेला आहे, म्हणून अक्षर उतरणीला लागलंय.) कंबर कशी आहे? आणि तुझ्या डोळ्यातला तो मांसाचा पडदा बुबुळावर किती चढला? सुईत दोरा ओवायला हल्ली शेजारणीला बोलावतेस, हे भाचीने मला सांगितलंय.

माझा पडदा काढला. "जन्मभर मी शिवलं, मला कुणी शिवायचं नाही," असं तू म्हणतेस ना, म्हणून डॉक्टरीणबाईंना पहिला प्रश्न टाक्यांचाच केला. त्या म्हणाल्या, टाके नाहीत, चिकटवतो. ताई, मी पुस्तकं बांधणारा माणूस. माझे कान टवकारले. कशाने? खळ की सरस? तर म्हणे, तुमच्याच रक्ताने! पडदा सोलायचा, वरच्या पापणीखालचा पातळ पापुद्रा उघड्या जागी बसवायचा आणि तिथलंच रक्त गोठून त्याला धरून ठेवतं. थेंब घालून डोळा बधिर केलेला, तोंड मात्र शाबूत. वाळायला किती वेळ? कड उचलत नाही? पापुद्र्याची उभी-आडवी बाजू बघता का? (कागदाची आम्ही बघतो.) शेवटी बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही बोललात की डोळा हलतो." गप्प बसलो. त्यात वजनाचं विचारायचं राहिलं, आणि तिथेच घोड्याने पेंड खाल्ली.

आता तूच सांग, ताजं चिकटवलेलं काम वजनाखाली ठेवल्याशिवाय मला झोप कशी लागणार? शब्दकोश जड, म्हणून कवितांचं बारीकसं पुस्तक डोळ्याच्या पट्टीवर ठेवून आडवा झालो. (कवितांना फारसं वजन नसतं, असा माझा समज होता.) तुझ्या भावजयीने ते पाहिलं आणि माझ्या उघड्या डोळ्यासमोर काजवे चमकले. सकाळी बाईंनी सरकलेली कड जागेवर बसवली. आता सगळं ठीक आहे. पडदा मधोमध पोचला तर काढूनही डाग राहतो, असं मात्र त्या म्हणाल्या. बाकी कळवण्यासारखं काही नाही.

तुझा,
धाकटा

ता.क. कड बसवताना एक टाका घालावा लागला. वर लिहायचं राहिलं. (राहिलं नाही, टाळलं.) कळलासुद्धा नाही. चूक पुस्तकाची.

आणखी ता.क. तुझी वेळ सोमवारची घेतली आहे. ओरडू नकोस. एवढे प्रश्न विचारले त्यातलं निम्मं कुतूहल होतं, निम्मी भीती. नर्सबाईंचा हात मी शेवटपर्यंत सोडला नाही. तुझ्या वेळी माझा धर. फक्त घरी आल्यावर मला पुस्तक घेऊन तुझ्या खोलीत येऊ देऊ नकोस.