पाप्पांची तोंडी परीक्षा

९ सप्टेंबर, सोमवार
आईच्या खुब्याच्या शस्त्रक्रियेची तारीख अखेर आली: ३ डिसेंबर. चौदा महिने वाट पाहिल्यावर. त्यानंतर दहा दिवस ती रुग्णालयात. तेवढ्या काळासाठी तिच्या वडिलांना, म्हणजे आमच्या पाप्पांना, सरकारी विसावागृहात ठेवायचे. शिवाय आधारनिवासाच्या यादीत त्यांचे नाव घालायचे. तिथे स्वतःची खोली मिळते आणि हाकेच्या अंतरावर सेविका असते. हे काम मी अंगावर घेतले आहे. शाळेत सलग बारा वर्षे पहिली आलेल्या मुलीला एक अर्ज अवघड नाही. आई म्हणाली, "फक्त फोन करायचाय, हेल्मी." नियमपुस्तिका चौसष्ट पानांची आहे. आधी वाचन, मग फोन.

१२ सप्टेंबर, गुरुवार, सकाळी ९.१०
फोनवर बोलायचा मजकूर लिहून काढला. दीड पान. शुद्धलेखन तपासले.
९.४०. सरकारी कार्यालयाला फोन लावला. पहिली घंटा वाजताच ठेवला. सकाळची वेळ त्यांच्या कामाची असते.

१३ सप्टेंबर, शुक्रवार
आईने बटाटे सोलता सोलता फोन केला. चार मिनिटे लागली. पाप्पांच्या मूल्यमापनासाठी कार्यालयातल्या बुशार बाई १ ऑक्टोबरला घरी येणार. मंगळवार आहे, आमच्या बाजूला त्या मंगळवारीच येतात. पायाभूत तयारी माझी होती, हे नमूद करून ठेवते.

१६ सप्टेंबर, सोमवार
नमुना प्रश्न मिळाले: आजचा वार, घड्याळाचे चित्र, तीन शब्द लक्षात ठेवणे. एकूण गुण तीस. गुण जितके जास्त तितकी जागा चांगली, हे उघड आहे. आई म्हणाली, "अगं, त्यांना काय जमत नाही ते बघायला येतात ना?" आई शाळेत मागच्या बाकावर बसत असे.
पाप्पा चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. लाकूडतोड्यांच्या छावणीत चाळीस वर्षे स्वयंपाकी होते, त्यामुळे शिस्तीची सवय आहे. पहिला पाठ: आज वार कोणता? उत्तर: मंगळवार. परीक्षा मंगळवारी असल्याने इतर वार वगळले आहेत.

२३ सप्टेंबर, सोमवार
पाप्पा आज पहाटे नुसत्या मोज्यांवर तळ्याकडे निघाले होते. छावणीतल्या ऐंशी माणसांची न्याहारी करायची होती म्हणे. आईने लंगडत जाऊन परत आणले. शनिवारी त्यांनी सॉनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, भट्टी पेटवली आणि तिच्यावर कोट वाळत घातला. एक बाही वाचली. या घटना अभ्यासक्रमाबाहेरच्या आहेत. घड्याळ मात्र आता सुबक येते. चुकले तर मी एवढेच म्हणते, "चूक. पुन्हा काढा." शिक्षकाने आवाज चढवू नये.

१ ऑक्टोबर, मंगळवार
देदीप्यमान यश.
आईने वेलदोड्याचा पाव आणि सहा तऱ्हांची बिस्किटे केली. पाहुण्यापुढे रिकामे टेबल आम्हा फिनिश लोकांत चालत नाही. पाप्पांना लग्नातला कोट घातला. वार बरोबर. घड्याळ बरोबर. कॉफी त्यांनी स्वतः ओतली, थेंब सांडला नाही. बुशार बाईंनी विचारले, "घरी काही त्रास होतो का हो?" परक्यासमोर गाऱ्हाणेही आमच्यात चालत नाही. आई खुब्यावर हात दाबून उभी होती; म्हणाली, "छे, चाललंय." बाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही तर मलाच सांभाळाल." पाप्पांनी त्यांची पिशवी गाडीपर्यंत नेली.
परत आल्यावर त्यांनी विचारले, ती बाई कोण होती, आणि ती जेवायला थांबणार आहे का.

१८ ऑक्टोबर, शुक्रवार
पत्र आले. तीसपैकी अठ्ठावीस. म्हणून विसावागृह नामंजूर, आधारनिवासाची फाईल बंद. पंधरवड्यातून दोन तास मदतनीस मिळेल.
गुण जितके जास्त तितकी गरज कमी. हे पुस्तिकेत एकसष्टाव्या पानावर आहे. मी साठपर्यंत आले होते.
आई म्हणाली, "आलीस बघ पहिली." मग बराच वेळ मोरीशी उभी राहिली, नळ न सोडता.
फेरतपासणीची मागणी फक्त फोनवर करता येते. उद्या करते. उद्या शनिवार आहे.

२८ ऑक्टोबर, सोमवार
आजवर चार वेळा फोन लावला. एकदा दुसऱ्या घंटेपर्यंत टिकले. प्रगती समाधानकारक.

२९ ऑक्टोबर, मंगळवार
आईनेच केला. बाई १२ नोव्हेंबरला येणार. या खेपेला अभ्यास बंद. पाप्पा आपोआप चुकतील आणि मी सर्व खरे सांगेन: मोजे, कोट, आईचा खुबा. आधारासाठी फाईल तयार करते आहे: औषधांचे तक्ते, आहाराच्या नोंदी, रंगीत खुणा. एकेचाळीस पाने.

१२ नोव्हेंबर, मंगळवार
वार: मंगळवार. घड्याळ: सुबक. पाठ केलेले पुसले जात नाही.
पाप्पा बुधवारीही मंगळवारच म्हणतात, हे सांगायला मी तोंड उघडले. बाई म्हणाल्या, "बोल ना, बाळा. जमतंय ना तुम्हाला?" पाप्पा कॉफीची किटली धरून माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "चाललंय." आई खिडकीबाहेर पाहू लागली.
मग मी फाईल पुढे केली. बाईंनी ती पूर्ण वाचली. "हे सगळं तू केलंस? वा." मला जे बोलता आले नाही ते फाईल बोलली असावी.

२५ नोव्हेंबर, सोमवार
पुन्हा नामंजूर. कारण: "घरी कुशल व सुसंघटित काळजीवाहक पूर्णवेळ उपलब्ध आहे." हा माझा उल्लेख आहे. सरकारी कागदावरचा पहिलाच.
आई म्हणाली, शस्त्रक्रिया पुढे ढकलते. म्हणजे आणखी चौदा महिने. मी म्हणाले, अजिबात नाही, दहा दिवस मी पाहीन. आई म्हणाली, "तुला साधा फोन करवत नाही गं." फोनचा इथे संबंध नाही. तक्ते तयार आहेत.

४ डिसेंबर, बुधवार
शस्त्रक्रिया नीट झाली. वेळापत्रकाप्रमाणे सर्व चालू.

६ डिसेंबर, शुक्रवार
पाप्पा पहाटे निघाले. बर्फ. मी मागे. माझ्याही पायांत मोजेच. तक्त्यात दुरुस्ती: दाराला घंटा बांधणे.

९ डिसेंबर, सोमवार
घंटा पाप्पांनी सोडली आणि ती वाजवून ऐंशी माणसांना जेवायला बोलावले. सतत. दुपारचे औषध दिले की नाही, आठवत नाही. तक्त्यावर खूण आहे, पण ती कुणाची?
कार्यालयाला फोन लावला. ठेवला नाही. पलीकडून बाईंनी विचारले, "काय अडचण आहे, सांगा." मी म्हणाले, "काही नाही. चाललंय." त्या म्हणाल्या, "बरं," आणि त्यांनी ठेवला.
पाप्पा समोर येऊन बसले. म्हणाले, "पोरी, आज वार कोणता?" मी म्हणाले, सोमवार. ते म्हणाले, "चूक. मंगळवार." मी दिनदर्शिका पाहिली. मंगळवार होता. वरची तारीख चुकली आहे.
मग त्यांनी कागद पुढे सरकवला. "आता घड्याळ काढ." आवाज चढवला नाही.
मी काढले. बाराही आकडे जागच्या जागी. काटे काढायचे राहिले.