एकशे एकसष्टावं वाक्य

प्रिय छिन्नी,

आधी आडवी हो, पाठीशी उशी घे आणि मगच पुढे वाच. हे पत्र मी कुरिअरने जावयांच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंय. तुझ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तुझ्या हातात देऊ नका, अशी वर चिठ्ठी लावलीय. म्हणजे तू हे वाचतेयस याचा अर्थ त्यांनी हो म्हटलं. गेले तीन आठवडे तुझी आई फोनवर सर्दी झालीय, सर्दी झालीय म्हणून सांगतेय ना, ती सर्दी नाही. घशात गाठ आहे. येत्या गुरुवारी ऑपरेशन आहे आणि स्वरयंत्र काढावं लागणार आहे. गाठ वेळेत सापडली, त्या बऱ्या होतील, असं सर्जनबाईंनी माझ्या डोळ्यांत बघून सांगितलं. मी दोनदा विचारलं, त्यांनी दोनदा सांगितलं. पण गुरुवारनंतर आईचा आवाज नसेल. सातव्या महिन्यात तुला यातलं काही कळता कामा नये, फोनवर चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथ तिने मला घातली. फोनवर. लिहिण्याबद्दल आमचं काही ठरलेलं नाही.

आत्ता मी गॅलरीत स्टुलावर बसून लिहितोय, कारण आत तुझ्या खोलीत रेकॉर्डिंग चालू आहे. पंखा बंद, फ्रिज बंद, भिंतीवरचं घड्याळसुद्धा काढून दोन गाद्यांच्या मधे दाबून ठेवलंय. मला शिंक येतेय असं वाटलं तर जिना उतरून थेट रस्त्यावर जायचं, असा हुकूम आहे. हॉस्पिटलातल्या वाचा-उपचाराच्या बाईंनी तीनशे वाक्यांची यादी दिलीय. आईने ती एकेक करून कॉम्प्युटरसमोर म्हणायची, मग त्यातून तो प्रोग्रॅम तिचा आवाज तयार करणार. पुढे ती जे टाइप करेल ते तिच्याच आवाजात ऐकू येईल. अट एकच. मशीन तेच, माईक तोच, खोली तीच. मधेच काही बदललं तर आवाजाला ठिगळ लावल्यासारखं होतं म्हणे. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोललेली बाई ती. तिला ठिगळ चालणार आहे होय?

कॉम्प्युटर कुठला ते तुला सांगायला नको. अकरा वर्षांपूर्वी सुट्टीत जमिनीवर फतकल मारून तू जोडलास तोच. तेव्हा मी तुला बारका स्क्रूड्रायव्हर द्यायचा आणि तू ‘हा नाही हो बाबा, त्याहून बारका’ म्हणून माझ्यावर खेकसायचीस. पहिली एकशे साठ वाक्यं त्याने कण्हतकुंथत घेतली. एकशे एकसष्टाव्याला मान टाकली. ‘दार उघडं ठेव, मी आलेच.’ एवढंसं तर वाक्य. आईने म्हणायचं, पडदा गोठायचा, वाक्य गायब. सात वेळा म्हटलं तिने. सातव्या वेळी आवाज मधेच फाटला आणि ती माईक बाजूला ठेवून पाणी प्यायला गेली. उपचाराच्या बाई म्हणाल्या, रॅम कमी पडतेय, चार जीबी आहे ती आठ करून घ्या, बाकी कशाला हात लावू नका.

आता इथून पुढे बापाचं शहाणपण ऐक. मी कॅबिनेट उघडलं, रॅमची पट्टी काढली आणि तिला माप घ्यायचा व्हर्नियर लावला. एकशे तेहतीस पूर्णांक तीन मिलिमीटर. माप कागदावर लिहून बाजारातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. तिथल्या मालकीणबाई अंबाड्यात चिमटा खोचून बसतात, म्हणून मी मनातल्या मनात त्यांना चिमटाबाई म्हणतो. त्यांनी विचारलं, काका, आतला मदरबोर्ड कोणता आहे? मी म्हटलं, बोर्ड राहू द्या, माझ्याकडे माप आहे. त्या म्हणाल्या, मापावर रॅम घेत नाहीत हो, जुनी पट्टी तरी आणायची. मी म्हटलं, बाई, चाळीस वर्षं फिटर होतो मी, माझ्या मापावर कारखान्यातल्या प्रेस चालल्यात. त्यांनी हात टेकले. काचेखालची एक पट्टी मी तिथल्या तिथे मापली, एकशे तेहतीस पूर्णांक तीन, आणि छाती काढून घरी आलो.

घरी ती बसेना. लांबी तंतोतंत, पण खालच्या कडेला जी खाच असते ना, ती सरकलेली. आता चाळीस वर्षं मी केलं काय? जे बसत नाही ते घासून बसवलं. पट्टी फडक्यात गुंडाळून व्हाइसच्या जबड्यात आवळून धरली आणि बारीक कानशीने जुन्या खाचेच्या मापावर नवी खाच पाडली. अगं, काय सुंदर पडली होती म्हणून सांगू! दोन्ही अंगठ्यांनी दाबली. कट्ट आवाज आला, मला वाटलं बसली. बटण दाबलं आणि जळका वास आला.

हे गेल्या रविवारी. आई दारात उभी होती, हातात यादी. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने एवढंच विचारलं की ती एकशे साठ गेली का. तिने माझ्या हातातली कानस पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. दिवसाला तीस वाक्यांच्या वर घशाला ताण द्यायचा नाही असं सर्जनबाईंनी बजावलंय. तेव्हा हिशेब तूच कर. पहिली एकशे साठ गेली असती, तर पुन्हा पहिल्यापासून तीनशे व्हायला दुसऱ्याच दिवसापासून रोज बसून पुरते दहा दिवस लागले असते, आणि मशीन तर बंद. आणि उपचाराच्या बाईंना तीनशेच्या तीनशे हवी आहेत. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि तिथे उभा राहून रडलो. बायकोचा आवाज स्वतःच्या हाताने घासून टाकला असं वाटलं मला.

सोमवारी सकाळी कॅबिनेट चादरीत बांधलं आणि मांडीवर घेऊन बसने दुकानात गेलो. चिमटाबाई एका शब्दाने टोचल्या नाहीत, हे मी त्यांचे उपकार समजतो. त्यांनी ती घासलेली पट्टी उन्हाकडे धरली आणि मी पाडलेली खाच बोटाने चाचपली. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण सहज उलटं केलं आणि मला हाक मारली. आतल्या बाजूला तुझी चिठ्ठी चिकटवलेली. शाई फिकटलीय, पण अक्षर तुझंच. ‘बाबा, पुढेमागे रॅम वाढवायची झाली तर डीडीआर-तीनच घ्या, डीडीआर-चार चालणार नाही. जास्तीत जास्त आठ जीबी. दोन्ही पट्ट्या बोर्डावरच्या एकाच रंगाच्या खाचांत. आणि जोर लावू नका. बरोबर असेल तर आपोआप बसते.’ जोर लावू नका याखाली दोन रेघा. छिन्नी, मी ते झाकण रविवारी अर्धा दिवस पलंगावर ठेवलं होतं. पण फिटरच तो! रंगाला चरा पडू नये म्हणून रंगाची बाजू वर आणि तुझी चिठ्ठी चादरीकडे. अकरा वर्षं आधी तू मला ओळखून बसली होतीस आणि मला ते दिसलं नाही.

बाई म्हणाल्या, डिस्क वाचली असेल, पण बोर्ड गेला. मी म्हटलं, नवा घाला, चांगल्यातला चांगला. तर त्यांनी कपाळाला हात लावला. नवा बोर्ड घेतला की त्यावर हा जुना प्रोसेसर बसत नाही, खालचा साचाच वेगळा. नवा प्रोसेसर घेतला की रॅम नवी. त्यांना वीज पुरवायला पेटी नवी, कारण जुन्या पेटीच्या पिना पुरत नाहीत. आणि एवढं करून माईक ज्या भोकात लावायचा ते भोक बोर्डावरच असतं, म्हणजे आवाजाला ठिगळ ते लागणारच. तेव्हा याच जातीचा, याच नंबरचा जुना बोर्ड हवा. तो बाजारात येणं बंद होऊन सात वर्षं झालीत. मी वही काढली आणि त्या सांगतील ते मुकाट्याने लिहून घेतलं. नंबर, साचा, रॅमची जात, पिना, स्क्रूची भोकं. माझ्या आयुष्यात मी इतकं गप्प राहून कुणाचं ऐकलेलं नाही, तुझ्या आईला विचार.

मंगळवारी एक बोर्ड मिळाला, नंबर तोच. मी उड्या मारायच्या बेतात, तर बाईंनी त्यावरचे छोटे डबे दाखवले, त्यांची डोकी फुगली होती. नको म्हणाल्या, हा आठ दिवसांत दगा देईल. बुधवारी काहीच नाही. आई घरात बोलायचीच बंद झाली होती. घसा राखतेय असं ती खुणेने सांगायची, पण मी तिला बत्तीस वर्षं ओळखतो. गुरुवारी दुपारी एका वाचनालयाने भंगारात काढलेल्या बारा कॉम्प्युटरांमध्ये तो सापडला. शुक्रवारी सकाळी बाईंनी बसवला. जुना प्रोसेसर, योग्य जातीच्या दोन पट्ट्या, आपली डिस्क. बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. मी खोक्यावर बसलो. बाई पुन्हा वाकल्या, पुटपुटल्या, मग झाकणावरची तुझी चिठ्ठी पुन्हा वाचली आणि स्वतःशीच हसल्या. एक पट्टी काळ्या खाचेत होती, एक निळ्या. त्यांनी ती उचलून दुसऱ्या निळ्या खाचेत ठेवली. आपोआप बसली गं. जराही जोर नाही.

पडदा उजळला. बाईंनी आईचा फोल्डर उघडला, मोजलं, एकशे साठ. खात्रीसाठी एक वाजवून बघू म्हणाल्या. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती आणि तुझ्या आईचा आवाज आला, ‘मला थोडं पाणी देता का?’ यादीतलंच वाक्य. पण तिने ते असं म्हटलंय की कोपऱ्यातला एक गृहस्थ खरंच इकडेतिकडे पाणी शोधायला लागला. लग्नाआधी कारखान्यातून बाहेरगावी फोन लावायचा असला की मी एक्स्चेंजला फोन करायचो आणि हाच आवाज ‘जरा थांबा हं’ म्हणायचा. मी नंबर चुकीचा सांगायचो, म्हणजे पुन्हा फोन करता यावा. हे तुला माहीत नाही. तिलाही लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं, तर म्हणाली, मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. दुकानात मला रडू आवरेना. चिमटाबाईंनी मला त्यांची खुर्ची दिली आणि चार गिऱ्हाइकांना ताटकळत ठेवलं.

काल संध्याकाळपासून पुन्हा सुरू झालंय. एकशे एकसष्टावं एका झटक्यात झालं. आत्ता आतून ऐकू येतंय, एकशे शहाऐंशीवर आलीय. ‘आज बाजारात फार गर्दी होती.’ आवाज फुटला, पुन्हा म्हणतेय. पुन्हा. तिसऱ्यांदा बरं आलं. दिवसाला तीस धरली तर बुधवारी संध्याकाळी जेमतेम तीनशे होतील. मधला एकही दिवस वाया जाऊन चालणार नाही.

आता पत्र का लिहिलं ते सांगतो. यादीतली शेवटची तीस वाक्यं कोरी असतात, ज्याने त्याने आपल्या घरातली लिहायची. आईने अठ्ठावीस लिहिली. त्यातली निम्मी माझ्यावर आहेत, ‘चष्मा कपाळावर आहे तुमच्या’ आणि ‘ठेवा ती कानस खाली.’ दोन जागा मोकळ्या. मी विचारलं, तर राहू देत म्हणाली. आज सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तो कागद उजेडात तिरपा धरला, पत्र्यावरचा चरा बघतात तसा. पेन्सिलने लिहून खोडलंय. एका ओळीत ‘ये रे’, मग मोकळी जागा, मग ‘आजीकडे ये.’ दुसऱ्या ओळीत ‘ये गं’, मोकळी जागा, ‘आजीकडे ये.’ नाव तिला माहीत नाही आणि तुला विचारलं तर का विचारतेय ते सांगावं लागेल, म्हणून खोडलं तिने. तो प्रोग्रॅम कुठलंही नाव जोडून म्हणेल, पण जोडलेलं नाव ते जोडलेलंच, ती हाक नव्हे. म्हणून मुलाचं एक आणि मुलीचं एक अशी दोन नावं ठरवा आणि बुधवारी दुपारी चारच्या आत मला कळवा. घरचा फोन आई उचलेल, म्हणून चिमटाबाईंच्या दुकानाचा नंबर मागे लिहिलाय, मी बुधवारी सकाळपासून तिथेच बसून असेन. मी तुला सांगितलं हे कळल्यावर आई माझ्यावर भडकेल. भडकू दे. बुधवारपर्यंत तिच्याकडे भडकायला आवाज आहे, आणि मला तोही ऐकून घ्यायचाय. तू मात्र उठून धावत येऊ नकोस, पडून राहा, बाळाला जप. फक्त नावं कळव.

तुझाच, कानस माळ्यावर टाकलेला,
बाबा